पाठमोरे प्राणी

२०१८च्या जानेवारीत चीनमधल्या असंख्य लोकांना एका बेडकाची काळजी लागून राहिली होती. बेडूक मोबाइलच्या पडद्यावरचा. हिट-पॉइंट या जपानी कंपनीनं आदल्या वर्षाच्या अखेरीस काढलेल्या ‘ताबिकाएरू’ या खेळाचा तो नायक. ‘ताबि’ म्हणजे प्रवास, ‘काएरू’ म्हणजे बेडूक, आणि त्याच उच्चाराच्या दुसऱ्या शब्दाचा अर्थ घरी परतणं. खेळातला सगळा मजकूर तेव्हा फक्त जपानीत होता. जपानी न येणाऱ्यांचं मात्र त्यावाचून काही अडलं नाही, कारण खेळाडूनं करायचं असतं ते फार थोडं. अंगणात उगवलेली क्लोव्हरची पानं खुडायची, ती मोजून शिधा आणि प्रवासाचं सामान घ्यायचं, बेडकाची शिदोरी बांधून ठेवायची. पुढचं सगळं बेडकाच्या मनावर. तो कधी निघेल, कुठे जाईल, किती दिवसांनी परतेल हे खेळाडूला ठरवता येत नाही. अधूनमधून त्याचा एखादा फोटो पोस्टकार्डासारखा येतो, आणि कधी नुसतंच रिकामं घर दिसत राहतं. चिनी खेळाडू त्याला आपला मुलगा म्हणू लागले आणि स्वतःला त्या मुलाची म्हातारी आई. तो जेवला असेल का, त्याला कुणी सोबती भेटला असेल का, इतके दिवस निरोप कसा नाही, अशा भाषेत ते एकमेकांशी बोलत होते.

ज्या खेळात खेळाडूच्या हाती जवळजवळ काही नाही, त्यानं माणसांना इतकं का धरून ठेवावं? निसर्गाविषयीच्या आणि प्राण्यांविषयीच्या छोट्या संगणकीय खेळांबद्दल खेळाडू जे बोलतात-लिहितात, ते समजून घ्यायचं तर या प्रश्नापासून सुरुवात करावी लागते. या प्रस्तावनेचं काम तेवढंच आहे. खेळांची यादी देणं किंवा कुठला चांगला, कुठला वाईट असा निवाडा करणं हे माझं उद्दिष्ट नाही. खेळाडूंच्या बोलण्यातून एक गोष्ट मला वारंवार जाणवत आली आहे, ती पुराव्यानिशी मांडायची आहे.

‘इंडी’ म्हणजे मोठ्या प्रकाशनसंस्थेच्या पैशावर आणि मर्जीवर न चालणारे, थोड्या माणसांनी केलेले खेळ. असे निर्माते निसर्गाकडे इतके का वळतात याचं एक साधं, व्यावहारिक कारण आहे. बोलत्या-चालत्या माणसांनी गजबजलेलं शहर उभारायला शेकडो कारागीर लागतात. एक टेकडी, थोडा समुद्र, वारा आणि चार पक्षी दोघांना किंवा एकट्यालाही जमतात. ‘प्रोटियस’ (२०१३) हे बेट एड की आणि डेव्हिड कनागा या दोघांनी रचलं. ‘अ शॉर्ट हाइक’ (२०१९) हे मुख्यतः कॅनडातल्या अॅडम रॉबिन्सन-यू या एकाच माणसाचं काम. पैशाची आणि मनुष्यबळाची ही चणचण पुढे या खेळांचा स्वभाव बनली. जे दाखवायचं ते थोडं असल्यामुळे ते नीट न्याहाळायला लावणं आलं.

आता खेळाडूंच्या शब्दांकडे येऊ. या खेळांबद्दल सर्वांत जास्त वेळा येणारे शब्द म्हणजे ‘निवांत’, ‘गोड’, ‘डोकं शांत झालं’. हे शब्द खोटे नाहीत. दिवसभर कामाच्या धबडग्यात पिळून निघालेल्या माणसाला अर्धा तास कुणी घाई करत नाही, याचं मोल मोठं आहे. पण हे शब्द अपुरे आहेत. नुसती शांतता हवी असती तर पडद्यावर पोहणारे मासे पाहत बसणं पुरलं असतं. शिवाय याच जातीतले काही खेळ मुळीच शांत नाहीत आणि तरीही त्यांचे चाहते त्यांच्याबद्दल तितक्याच जिव्हाळ्यानं बोलतात. म्हणजे या सगळ्यांत समान असणारी गोष्ट दुसरी काहीतरी असली पाहिजे. बहुतेक संगणकीय खेळांमध्ये जगातली प्रत्येक वस्तू खेळाडूकडे तोंड करून उभी असते. दार उघडण्यासाठी असतं, नाणं उचलण्यासाठी असतं, शत्रूदेखील आपण येऊन त्याला मारेपर्यंत जागच्या जागी येरझारा घालत असतो. निसर्गाच्या चांगल्या खेळांत मात्र प्राणी आपल्याकडे पाठ करून असतात. त्यांना त्यांचं काम असतं. खेळाडूंच्या मनात घर करून राहतात ते नेमके हे क्षण, जेव्हा समोरच्या जिवानं त्यांचं ऐकलं नाही, किंवा त्यांची दखलच घेतली नाही.

हिट-पॉइंटचाच आधीचा खेळ ‘नेको अत्सुमे’ (२०१४) घ्या. अंगणात खाणं ठेवायचं, एखादी उशी किंवा चेंडू ठेवायचा आणि ॲप बंद करून आपल्या उद्योगाला लागायचं. मांजरं बहुतेकदा आपल्या माघारी येतात आणि जाताना आभारादाखल मासे ठेवून जातात. त्यांना कुरवाळता येत नाही, बोलावता येत नाही, हाकलताही येत नाही. एक लठ्ठ पांढरा बोका येऊन सगळं खाणं फस्त करतो, तो खेळाडूंचा लाडका. यावर एक रास्त आक्षेप आहे, आणि तो मी हलका मानत नाही. वाट पाहायला लावणं ही मोबाइल-खेळांच्या धंद्यातली जुनी क्लृप्ती आहे. बारा तास थांबा, नाहीतर पैसे भरा. मग बेडकाची आणि मांजरांची वाट पाहणं यापेक्षा वेगळं कसं? फरक असा, की त्या धंद्यात वाट पाहणं हा अडथळा असतो आणि पैसे मोजून तो दूर करता येतो. ‘ताबिकाएरू’मध्येही खऱ्या पैशानं क्लोव्हर विकत मिळतं. शिदोरी भारी होते. बेडकाचं येणं-जाणं तरीही त्याच्याच हाती राहतं. जी प्रतीक्षा विकत घेऊन संपवता येत नाही, तिचा अनुभव वेगळ्या जातीचा आहे, आणि खेळाडूंना हा फरक कळतो. काळजीची भाषा त्यातूनच आली. जो आपल्या मुठीत आहे त्याची काळजी वाटत नाही.

याच विचाराचं दुसरं, कठोर टोक म्हणजे स्टॉकहोमच्या माइट अँड डिलाइट या चमूनं २०१३ साली आणलेला ‘शेल्टर’. त्यात आपण एक बॅजर मादी असतो आणि मागे पाच पिल्लं असतात. कंदमुळं उकरायची, झाडाला धडक देऊन फळं पाडायची, मिळालेला घास कुणाच्या तोंडी लागेल ते पाहायचं. पडद्यावर आकडे नाहीत, भुकेची पट्टी नाही. भुकेलं पिल्लू फिकट पडत जातं, एवढीच खूण. उघड्या माळावर गरुडाची सावली फिरते, नदीला लोंढे येतात, वणवा पेटतो. एखादं पिल्लू गेलं तरी खेळ थांबत नाही. सांत्वनाचं वाक्य येत नाही, पुन्हा प्रयत्न करा असंही कुणी म्हणत नाही. चारच उरलेली असतात आणि त्यांनाही भूक लागलेली असते, म्हणून चालत राहायचं. हा खेळ खेळलेली माणसं मागे वळून पिल्लं मोजण्याच्या सवयीबद्दल बोलतात. गवतातून बाहेर पडताना, पाणी ओलांडल्यावर, अंधार पडला की एक, दोन, तीन, चार, पाच. पहिल्या पिल्लाच्या मरणानंतर हे मोजणं किती बदलतं, हेही सांगतात. निवांतपणाच्या कुठल्याही व्याख्येत हा अनुभव बसणार नाही. आपल्या जिवाच्या पलीकडे दुसऱ्या जिवाचं वेळापत्रक आहे आणि ते आपल्या सोयीनं चालत नाही, ही जाणीव मात्र इथेही तीच आहे, जी बेडकाच्या रिकाम्या घरात होती.

मराठी वाचकाला ही दृष्टी परकी वाटू नये. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘सत्तांतर’ला १९८३चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. ती वानरांच्या टोळ्यांची कादंबरी आहे. तिच्यातले वानर माणसांना शहाणपण शिकवायला आलेले नाहीत. पंचतंत्रातल्या सिंह-कोल्ह्यांपासून ते फार दूर आहेत. त्यांची हद्द, त्यांची भूक, त्यांच्यातली मारामारी आणि पिल्लांचा मृत्यू हे सगळं त्यांचं आहे, आणि लेखक ते अंतर राखून पाहतो. संगणकीय खेळांतही हीच फाळणी आहे. काही खेळांत प्राणी म्हणजे कातडं पांघरलेली माणसं असतात, आणि त्यातही रमण्यासारखं पुष्कळ असतं. काहींत प्राणी प्राणीच राहतात. दुसऱ्या प्रकाराला खेळाडूकडून जास्त धीर लागतो.

तो धीर किती लागतो हे ‘रेन वर्ल्ड’च्या वाटचालीवरून दिसतं. व्हिडिओकल्ट या चमूचा हा खेळ २०१७ साली आला. आपण ‘स्लगकॅट’ नावाचा, गोगलगाय आणि मांजर यांच्या मधला एक लहानसा प्राणी असतो. पोटापुरतं खायचं आणि चिरडून टाकणारा पाऊस कोसळण्याआधी बिळात शिरायचं, एवढंच जगणं. भोवतालचे सरडे आपल्याला मारण्यासाठी नेमलेले पहारेकरी नसतात. त्यांनाही भूक असते, भीती असते, ते आपसात भांडतात, आणि पडद्याबाहेर असतानाही त्यांची हालचाल चालूच राहते. त्यामुळे काल सुरक्षित असलेली वाट आज बंद असते, आणि त्यात कुणाचा डावपेच नसतो. खेळ आला तेव्हा अनेक समीक्षकांनी तो अन्यायकारक आणि छळवादी ठरवला. नेहमीच्या मापानं मोजलं तर त्यांची तक्रार बरोबर होती, कारण खेळानं खेळाडूशी न्यायानं वागावं हा अलिखित करार त्यानं मोडला होता. पुढच्या काही वर्षांत मात्र याच गोष्टीसाठी त्याला निष्ठावान खेळाडू मिळत गेले. २०२३ साली आलेली त्याची ‘डाउनपोर’ ही मोठी पुरवणी तर खेळाडूंनीच हौसेनं रचलेल्या भरीतून वाढलेली होती. समीक्षकांना मुदतीत खेळ संपवायचा असतो. ज्यांना तशी घाई नव्हती त्यांना सरड्यांच्या सवयी कळत गेल्या, आणि अन्याय वाटणाऱ्या गोष्टीत त्यांना एक चालतं-बोलतं रान दिसू लागलं. पहिलं मत आणि मुरलेलं मत यांतलं हे अंतर खेळाडूंचे अभिप्राय वाचताना कायम ध्यानात ठेवायला हवं.

आता सर्वांत मोठ्या आक्षेपाकडे. खिडकीबाहेर खरा पक्षी असताना पडद्यावरचा का पाहायचा? या खेळांमुळे माणूस निसर्गापासून आणखी तुटणार नाही का? या भीतीला आधार आहे. केंब्रिजच्या अँड्र्यू बाल्मफर्ड आणि सहकाऱ्यांनी २००२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्लंडमधल्या १०९ शाळकरी मुलांना त्यांनी चित्रांचे पत्ते दाखवले, काही तिथल्या परिचित प्राणी-वनस्पतींचे आणि काही पोकेमॉनचे. आठ वर्षांच्या मुलांनी पोकेमॉन सुमारे ८० टक्के बरोबर ओळखले. खरे जीव ओळखण्याचं प्रमाण निम्म्याच्या आसपास घुटमळत राहिलं. कल्पित प्राण्यांनी खऱ्यांची जागा बळकावली, असा याचा अर्थ सहज लावला जातो. पण पोकेमॉनचा उगम पाहिला तर गोष्ट इतकी सरळ राहत नाही. त्याचे जनक सातोशी ताजिरी लहानपणी तोक्योजवळच्या माचिदात किडे गोळा करत हिंडायचे. शहर वाढलं, डबकी आणि शेतं बुजली, किड्यांच्या जागा गेल्या. किडे शोधण्यातला आनंद पुढच्या मुलांना मिळावा, ही इच्छा १९९६च्या त्या पहिल्या खेळामागे होती. अधिवास आधी गेला आणि खेळ नंतर आला, हा क्रम विसरता येत नाही. बाल्मफर्ड यांच्या निष्कर्षाचाही रोख खेळांवर नव्हता. मुलांची लक्षात ठेवण्याची शक्ती अफाट आहे आणि निसर्गरक्षणाचं काम करणारे तिला हाक घालायला कमी पडतात, असं त्यांचं म्हणणं होतं.

ही शक्ती खऱ्या प्राण्यांकडे वळवता येते का, याचंही थोडं उत्तर आपल्याजवळ आहे. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ हा अवाढव्य, बंदुकांचा खेळ. आपल्या विषयाच्या अगदी उलट टोकाचा. पण त्यात उत्तर अमेरिकेतले खरे पशुपक्षी काळजीपूर्वक घडवलेले आहेत. २०२१ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी ५८६ लोकांना प्राण्यांची छायाचित्रं दाखवून प्रश्न विचारले. तो खेळ खेळलेल्यांनी १५पैकी सरासरी १० प्राणी ओळखले, न खेळलेल्यांपेक्षा तीन जास्त. जे नाव मुद्दाम कुणी शिकवलं नव्हतं ते वाटेत भेटून लक्षात राहिलं. अर्थात नाव ओळखणं म्हणजे आपुलकी वाटणं नव्हे, आणि या आकड्यांवरून कुणी खेळाडू उठून रानात गेला असं म्हणता येणार नाही. माझा दावाही तेवढा मोठा नाही. खेळ रानाची जागा घेऊ शकत नाही. पण पाहण्याची जी शिस्त रानात लागते, म्हणजे थांबणं, आवाज न करणं, समोरच्याला त्याच्या चालीनं वागू देणं, तिची ओळख तो करून देऊ शकतो. ज्याच्या इमारतीतून एक पिंपळही दिसत नाही, त्याच्यासाठी ही ओळख क्षुल्लक नाही.

दुसरा आक्षेप या खेळांच्या गोडव्यावर आहे, आणि इथे मी आक्षेप घेणाऱ्यांच्या बाजूला बराचसा झुकतो. अस्टू गेम्सचा ‘अल्बा’ (२०२०) हा फार लोभस खेळ. भूमध्य समुद्रातल्या बेटावर आजी-आजोबांकडे सुट्टीला आलेली मुलगी फोननं पक्ष्यांचे फोटो काढते, कचरा उचलते, मोडके पूल-पाट्या दुरुस्त करते आणि राखीव क्षेत्रात होऊ घातलेलं हॉटेल थांबवण्यासाठी ५० सह्या गोळा करते. पक्षी ओळखण्याचा त्यातला भाग मनापासून केलेला आहे. पण ५० सह्यांनी आणि एका आठवड्याच्या धावपळीनं हॉटेल थांबतं, हे कुठल्याही किनाऱ्यावर लढलेल्या माणसाला पटणार नाही. गोव्यात किंवा कोकणात अशा लढ्यांना किती वर्षं लागतात, हे आपल्याला ठाऊक आहे. खेळात प्रत्येक कृतीनंतर शाबासकी मिळते आणि प्राणी हळूहळू पुन्हा खेळाडूकडे तोंड करू लागतात. फोटोंची यादी पूर्ण करण्यासाठी म्हणून ते उरतात. अनेक खेळाडूंना शेवटी यादीत राहून गेलेला एखादा पक्षीच आठवतो, बेट आठवत नाही. हा दोष खेळाडूंचा नाही.

याच्याशेजारी दक्षिण आफ्रिकेतल्या फ्री लाइव्ह्ज या चमूचा ‘टेरा निल’ (२०२३) ठेवून पाहावा. नगररचनेच्या खेळांचा सगळा साचा त्यात उलटा केलेला आहे. सुरुवातीला नापीक, विषारी जमीन असते. यंत्रं बसवून माती साफ करायची, पाणी खेळवायचं, गवत उगवलं की काही भाग मुद्दाम जाळायचा, कारण जंगलाला राखेतली माती लागते. प्राणी परतले की शेवटचं काम येतं. आपण उभारलेली प्रत्येक वस्तू मोडून गोळा करायची, विमानात भरायची आणि निघून जायचं. पडद्यावर आपली एकही खूण राहू द्यायची नाही. यातलं विज्ञानही सोपं करूनच मांडलेलं आहे आणि परिसंस्था इतक्या झटपट बऱ्या होत नाहीत, हे मान्य. पण वर्षानुवर्षं बांधत राहण्याचीच सवय लागलेल्या खेळाडूला स्वतःचं बांधकाम उतरवताना जे वाटतं, ते गोडव्याच्या कक्षेत मावत नाही. काहींना त्या टप्प्यावर आपला पसारा मोडवत नाही.

लांबीची तक्रार मी थोडक्यात घेतो. दीड-दोन तासांत संपणाऱ्या खेळाला पैसे का मोजायचे? स्टीम या मोठ्या दुकानात २०१५पासून नियम आहे, की १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असेल तर खेळ परत करता येतो. छोट्या खेळाच्या निर्मात्याला त्यामुळे पूर्ण खेळून झालेला खेळही परत येण्याचा धोका असतो. ‘अ शॉर्ट हाइक’ त्याच मापाचा. क्लेअर नावाचा पक्षी एका महत्त्वाच्या फोनची वाट पाहतोय आणि रेंज फक्त डोंगरमाथ्यावर आहे. वर जायचं, बोलायचं, आणि मग उतारावरून तरंगत खाली यायचं. २०२०च्या इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हलमध्ये त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला. टेकडी चढून यायला लागतो तेवढाच वेळ तो घेतो. तासांच्या भावानं मोजायचं तर कथेपेक्षा कादंबरी नेहमीच स्वस्त पडेल.

खेळाडूंच्या अभिप्रायांविषयी मराठीतून लिहिण्याची एक अडचण आहे आणि एक सोयही. अडचण अशी, की हे अभिप्राय बहुतांशी इंग्रजी, जपानी, चिनी या भाषांत जन्मतात आणि इंग्रजीतून येताना ‘कोझी’सारखा एकच शब्द सगळ्यांवर पांघरला जातो. सोय अशी, की पाहण्याच्या निरनिराळ्या तऱ्हांना आपल्याकडे वेगवेगळे शब्द आहेत. न्याहाळणं वेगळं, टेहळणं वेगळं, कानोसा घेणं वेगळं. दिसण्याआधी कुणाच्या असण्याची जी जाणीव होते तिला आपण चाहूल म्हणतो. अंगणात कोण येऊन गेलं हे नुसत्या ठेवलेल्या माशांवरून ओळखणाऱ्या खेळाडूला, किंवा सरडा वळणाच्या कुठल्या बाजूला आहे हे आवाजावरून ताडणाऱ्याला, हाच शब्द लागू पडतो. पुढचे अभिप्राय वाचताना ‘छान वाटलं’ या वाक्याशी वाचकांनी थांबू नये. त्याच्या पुढेमागे कुठे थांबणं, मोजणं, चाहूल लागणं किंवा हुकणं आलं आहे का, ते शोधावं.

‘प्रोटियस’ आला तेव्हा याला खेळ म्हणायचं का, यावरच वाद झाला होता. त्यात जिंकणं नाही, हरणं नाही, एक शब्दही नाही. भडक, ढोबळ चौकोनांनी रेखलेल्या बेटावर आपण ऋतूंमधून चालतो आणि प्रत्येक वस्तूचा सूर ऐकतो. गवतातून जाताना छोटे प्राणी टणाटण उड्या मारत दूर पळतात आणि त्यांच्या उड्यांचंच संगीत होतं. जवळ जाऊन त्यांना धरता येत नाही. त्यांच्या मागे धावणारे पुष्कळ असतात; थोड्या वेळानं ते धावणं सोडतात आणि नुसते उभे राहतात. हिवाळ्याच्या शेवटी आपण जमिनीवरून हळूहळू वर उचलले जातो, बेट खाली लहान होत जातं, आणि पडद्यावर वरून-खालून दोन काळ्या पापण्या येऊन मिटतात.